सरिताचे मायनस तीन

३ डिसेंबर, मंगळवार
आजपासून रोज लिहायचे.
उद्या शेणव्यात हाडांचे शिबिर. आशाताई सोनाली घरी येऊन आमच्या हिला म्हणाली, “काकी, साठी झाली तुमची, टाच तपासून घ्या. पाच मिन्टांचा टाइम.” टाच! दुखते पाठ, तपासतात टाच. पस्तीस वर्षे गणित शिकवले. असले उत्तर लिहिणाऱ्याला मी भोपळाच दिला असता.

४ डिसेंबर
सरिता गेलीच. चिठ्ठी आणली. हाडे ठिसूळ वाटतात, कल्याणला मोठ्या मशीनवर तपासा. मी म्हणालो, नाचणीवर वाढलेली हाडे तुझी, लोखंड आहेत. म्हणे, “लोखंड गंजत नाय काय?” मी पेपर उघडला.

९ डिसेंबर, सकाळी ७
निश्चय. उपचार मीच करणार. कोवळे ऊन, दूध, डिंकाचे लाडू, अंगणात वीस फेऱ्या. तक्ता भिंतीवर लावला. पंधरा दिवसांत फरक!

१२ डिसेंबर
लाडू उत्तम. तिला गोड नको, म्हणून मीच संपवले. फेऱ्या शून्य. शिस्त नाही.
मात्र माझी उंची वाढली! सरिता पूर्वी माझ्या कानाला लागायची, आता खांद्याला. योगासने.

२० डिसेंबर
सरिता सून रुपालीबरोबर कल्याणला. मला न विचारता. (विचारले होते. मी पेपर वाचत होतो.)
टेबलावर निजवले, वरून मशीनचा हात फिरला. सुई नाही, दुखणे नाही. म्हणजे नुसती झोप. रिपोर्टात हाडांचा आकडा मायनस तीन पॉइंट दोन. डोळे पुसत म्हणाली, “लय वाईट हाय म्हनतात.” बायकांना गणित समजत नाही. मायनस तीन म्हणजे शून्याच्या शेजारी.
गोळी आठवड्याला एकच. एका गोळीचा कसला आजार? पाकीट कपाटावर ठेवले. फेऱ्या आधी.

२३ डिसेंबर
पाण्याची बादली उचलेना. नाटक. मी म्हणालो, उचल.
उचलली. खाली बसली. उठवत नव्हते.

२४ डिसेंबर
दवाखान्यात नेले. मणका दबला आहे. डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, पाठ कधीपासून दुखते? महिनाभर, मी सांगितले.
सरिता पडल्या पडल्या म्हणाली, “तीन वर्सं.”
बाईंनी तेच लिहिले. मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा.
बसलो.