पाचवा भाडेकरू

३ ऑक्टो. १९५८, शुक्र.
साहेबांनी नवं काम गळ्यात मारलं. मालवणातल्या राहत्या जागांचे वर्ग ठरवायचे. घर, लॉज की वसतिगृह. नियम सोपा. चूल एक आणि भाडेकरू चारपर्यंत, तर 'घर'. पाचवा आला की 'लॉज', नोंद धंद्याच्या रजिस्टरात. म्हटलं, आठवड्यात उरकतो. मग यादी बघितली. मी भाड्यानं राहतो ते काकीचं घरही माझ्याच वाट्याला.

४ ऑक्टो., शनि.
काकी नारळ खोवत बसली होती, तिला सांगितलं. तिचा हात थांबला. घर दिराचं, तो मुंबईला. नवरा गेल्यावर हिला राहू दिलं, पण बजावून ठेवलंय, चार माणसं ठेव, जेवू घाल, कागदावर लॉज आलं की घर खाली. हिला दुसरं ठिकाण नाही. खरं तर मलाही नाही. म्हटलं, काकी, घाबरू नका, चारच आहोत. दोघे मास्तर, पोस्टातले अण्णा आणि मी.
"आणि सदू?"
यादी घडी करून खिशात टाकली.

६ ऑक्टो., सोम.
सदूबद्दल लिहायचं टाळत आलो. तारकर्लीचा. समुद्राकडची खोली त्याची. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर एकटाच होडी घेऊन गेला. होडी मिळाली, तो नाही. त्याच्या आईनं वाट पाहून दिवसकार्यही उरकलं. काकीनं खोली कुणाला दिली नाही. "येतंय म्हणान सांगान गेलो हा. खोली कोणाक दिव नको म्हणालो."
भला माणूस. डाव्या अंगठ्यावर गळ घुसल्याचा आडवा वण. मी चिडवायचो, सदू, तुझ्या एका अंगठ्यात सरकार दोन माणसं मोजील. हसायचा नुसता.
रोज दुपारी काकी पाचवं पान त्याच्या दारात मांडते, मागून ते गाईला. संध्याकाळी उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या. सकाळी त्यात पाणी चार बोटं कमी. मांजर पितं, असं आम्ही ठरवून टाकलंय. एकदा मी उरलेलं पाणी चाखलं होतं. खारट. खारा वारा, दुसरं काय.

८ ऑक्टो., बुध.
तोडगा काढला. सदूला भाचा लिहू. घरचा माणूस म्हणजे भाडेकरू नव्हे, घर वाचलं. काकी भडकली.
"खोटां कित्याक? तो माजो कोण नाय. भाडेकरू आसा, भाडेकरूच लिव."
काकी, मग घर जातं.
"जांवदे. पण रिकामी लिवलस तर तूच तेका मारलस."
असं तोंडावर. जेवण गेलं नाही.

९ ऑक्टो., गुरु.
कचेरीत बसून फॉर्म भरला. भाडेकरू चार. समुद्राकडची खोली रिकामी. वर्ग: घर. तिच्या भल्यासाठीच. सही केली.

१० ऑक्टो., शुक्र.
तांब्या काठोकाठ भरलेला. काकीला मी अवाक्षर बोललो नव्हतो. तांब्यात बघून सरळ माझ्याकडे आली. "काय लिवलस रे?"
खोटं बोलायचं होतं. जमलं नाही.

१३ ऑक्टो., सोम.
चौथा दिवस, तांब्या तसाच. काकी पान मांडते, स्वतः जेवत नाही. मास्तर म्हणाले, घर गार पडल्यासारखं वाटतं हो. मांजर काही कुठे गेलेलं नाही, माझ्याच अंथरुणात लोळत असतं. मग इतके दिवस पाणी…
न्हाणीघरात जाऊन रडलो. भीती वाटते आणि लाजही.

१४ ऑक्टो., मंगळ.
साहेब न सांगता तपासणीला गेले. स. ११ वा., भर उन्हात. आम्ही चौघे कामावर, काकी बाजारात. घरात कोणी नव्हतं. परत आले ते माझ्यावरच डाफरत.
"चार कसे लिहिलेत? समुद्राकडच्या खोलीतला माणूस दिसत नाही तुम्हाला? मी बोललो त्याच्याशी. तारकर्लीचा आहे."
विचारलं, कसा होता?
"कसा म्हणजे? अंग न पुसता आल्यासारखा, ओला. सही येत नाही म्हणाला, अंगठा घेतला."
फॉर्म पुढ्यात टाकला. 'रिकामी'वर काट. शेजारी अंगठा. ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ.
धावत घरी. खोलीत कोणी नाही. चटई ओली, चिमूटभर वाळू.
काकी आल्यावर सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. एवढंच विचारलं, "बरो आसा मां?"

१५ ऑक्टो., बुध.
दुरुस्तीखाली माझी सही हवी, उद्या दहापर्यंत. सही केली तर पाच, म्हणजे लॉज, म्हणजे काकी घराबाहेर. नाही केली तर मी दुसऱ्यांदा त्याला…
कुणीतरी थट्टा केली असेल. पण तो वण दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यावर नाही. शिवाय अंगठ्याची शाई अजून वाळत नाही. तीन टीपकागद झाले.
काकी सकाळी दोन घास जास्तच जेवली. तेव्हापासून भांडी गोणपाटात बांधतेय. चेहरा मोकळा, इतक्या दिवसांत असा पाहिला नाही. मदत म्हणून मी उंबऱ्यावरचा तांब्या उचलला. हलका लागला. आत पाहिलं, चार बोटं कमी.
काकीनं माझ्या हातावर चापट मारली.
"तो हंयच ठेव. तू आधी सही कर."
पेन उघडून बसलोय.