परातीवरचा समुद्र

आबा, परवा सगळ्यांत आधी आली ती माझी लेक. सायखेड्याहून सकाळच्या मोटारीनं उतरली, डोक्यावर वांग्यांची पाटी, आणि उंबऱ्याबाहेरूनच तोंड सुरू. "आई, या वयात तुला लय शहाणपण सुचलंय का गं?" मी म्हटलं, आधी पाटी खाली ठेव, मान अवघडेल, भांडण कुठं पळून जात नाही. तेवढ्यात टांगा वाजला आणि माझा मुलगा आला, मागून सूनबाई, डोळे सुजलेले. मुलानंच बहिणीला निरोप धाडून बोलावलेलं, मला घरी न्यायला. माझ्या एवढ्याशा खोलीत चौघं बसलो तर पाय पसरायला जागा नाही, आणि मला इतकं हसू येत होतं की सुनेनं विचारलं, "सासूबाई, बरं आहे ना तुम्हाला?"

तुम्हाला काहीच ठाऊक नाही, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली. मी आता आजी आहे, पाच नातवंडांची. तुमचे जावई गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्यानंतर महिनाभरात मी भांडीबाजारातलं घर सोडून गंगेपलीकडे पंचवटीत ही खोली घेतली. कुणी हाकललं नाही हो. सून गुणाची आहे, भाकरी तर अशी पातळ करते की बघत राहावं. पण त्या घरात सकाळपासून कुणी ना कुणी मला हाक मारतं, आणि हाक मारली की मी उठते, ही माझी पन्नास वर्षांची खोड. म्हातारा पुरुष घाटावर एकटा जाऊन बसला तर लोक त्याच्या पाया पडतात. म्हातारी जाऊन बसली तर विचारतात, सुनेनं काय केलं? मी म्हणते, विचारा. मी एकटीच बसणार.

आणि बसून काय करते सांगू? छिन्नीनं भांड्यांवर ठिपके काढते. तुम्ही नको म्हणाला होतात तेच.

आठवतं का, तुम्ही एकदा गिऱ्हाइकाची चिठ्ठी उलटी धरलीत आणि हंड्यावर अख्खं नाव डोक्यावर उभं केलंत? तुम्हाला अक्षरओळख नव्हती, चिठ्ठीवरच्या रेघा बघून तुम्ही छिन्नीनं तशाच उठवत होता. लग्नाचा हंडा भरल्या आळीत परत आला. म्हणून तर मला शाळेत घातलंत, चिठ्ठी सुलटी कुठली ते सांगायला. दीड वर्ष. मी तुमच्या शेजारी पोत्यावर बसलेली आहे, भात्याची राख नाकात जातेय, तुम्ही चिठ्ठी माझ्यापुढे धरता, मी मान हलवते, मग तुमची हातोडी चालते. ठक, ठक, ठक. त्या आवाजात माझ्या पोटात कसं गार गार वाटे. एका दुपारी तुम्ही जेवायला उठलात आणि मी छिन्नी उचलली. नावाच्या खाली मोकळी जागा होती, तिथं मोर काढला. पिसारा नीट जमला होता आबा, आजही सांगते, जमला होता. तुम्ही आलात, बघितलंत, ओरडलासुद्धा नाहीत. हंडा तापवलात आणि ठोक्याठोक्यानं मोर सपाट करून टाकलात. मग म्हणालात, "बाईच्या जातीनं भांडी घासायची, सजवायची नाहीत." पुढच्या सोमवारपासून शाळा बंद, त्याच उन्हाळ्यात लग्न. निघताना हातात तांब्या दिलात, नाव घातलेला. बैलगाडीत बसून मी ते नाव वाचलं आणि मला कळेना हे कुणाचं. सासरचं होतं, माझंच.

तर आता तोंड वर करून सांगते. माझ्याकडे तीन छिन्न्या आहेत. लग्नसराईत बायका मला भांडी आणून देतात, त्यावर नावं घालते, त्यात खोलीचं भाडं सुटतं. बाकी दिवस माझे. पहाटे गंगेवर आंघोळ, चुलीवर मुगाची खिचडी, मग पुस्तक. समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरीणबाई वाचनालयातून आणून देतात. ओळीवर बोट ठेवून वाचते मी, एक पान होईस्तोवर वरण शिजतं. सध्या एका प्रवाशाचं वाचतेय, आगबोटीतून कुठं कुठं गेलेला. समुद्राबद्दल त्यानं इतकं लिहिलंय, आणि मी तर पूर आलेल्या गंगेपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. मग एक जुनी परात घेतली आणि समुद्र काढायला बसले. ठिपक्याला ठिपका. मन जरा हललं की ठिपका हलतो, म्हणून मन आपोआप गप्प बसतं. देवळातली घंटा, रस्त्यावरचं भांडण, माझ्याच डोक्यातली जुनी उणीदुणी, सगळं लांब जातं. देवापुढे बसून जे मला कधी साधलं नाही ते परातीपुढे साधलं. होऊ दे पाप झालं तर.

पण मुलगा परवा म्हणाला, "आई, लोक म्हणतात हा आईला पोसत नाही. दुकानात तोंडावर म्हणतात." सून पदराला डोळे पुसत म्हणाली, "माझंच नाव वाईट होतंय." त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, अगं, मी तुझ्या दारात उभी राहून सगळ्या बाजाराला ओरडून सांगते तुझ्याबद्दल, पण राहणार इथंच. तसा मुलगा म्हणाला, "मी घरमालकाशी बोलून आलोय. अमावास्येला खोली रिकामी होईल म्हणून सांगितलंय." मला न विचारता! मी तशीच उठले, जिना उतरले, घरमालकाला म्हटलं, भाडं कोण देतं? तुम्ही, म्हणाला. मग रिकामी कधी करायची ते मी सांगेन. वर आले तर मुलगा भिंतीकडे बघत बसलेला.

आणि लेक? मांडीवर ती परात घेतलेली, लाटांवरून बोट फिरवत होती. मला वाटलं, हिला आवडली. म्हटलं, "तुला शिकवू का?" तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तवा का नाय शिकवलंस? दुसरीत होते मी. मास्तर घरी आले होते, पोरगी हुशार हाय म्हणून. तू म्हणालीस, बाईच्या जातीला पुस्तक काय करायचं. तू म्हणालीस, बा नाय."

आबा, खरंच म्हणाले होते मी. मास्तरांना चहासुद्धा विचारला नव्हता. मला वाटलं होतं मी विसरले, आणि लेकीनं तीस वर्षं ते तसंच जपून ठेवलं होतं.

मुलगा जाताना म्हणाला, "बुधवारी टांगा आणतो, वळकटी बांधून ठेव." मी म्हटलं, टांगा आण, मी चहा देईन, वळकटी मिळणार नाही. लेकीला विचारलं, "आणि तू?" रिकामी पाटी काखेत मारून ती म्हणाली, "मीबी येते बुधवारी. कुणाच्या बाजूनं बोलंन ते आत्ता नाय सांगत."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. पाठवलं तरी तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि मला ते चालणार नाही. मन शांत झालंय म्हणून एवढ्या टेचात सांगितलं, पण लेक गेल्यापासून दोन दिवस परातीपुढे बसतेय आणि एक ठिपका सरळ पडलेला नाही. म्हणून छिन्नी ठेवली आणि हे लिहायला घेतलं. खोली मी सोडत नाही, ते ठरलेलं आहे. तिला काय म्हणायचं ते मात्र अजून सापडलेलं नाही. आज सोमवार. ती बुधवारी येणार आहे.