कडीवरचा हात

मी, खाली सही करणारा, धंद्याने टीव्ही दुरुस्त करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. माझ्यावर दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, ती माझी पत्नी, आणि ती आता नाही. मजकूर थोडक्यात ठेवा, असे वकीलसाहेबांनी बजावले आहे. त्यांचे त्यांच्यापाशी.

कलम १. माझी मिळकत स्वकष्टार्जित आहे. ती कशी झाली हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. जुना सेट दुरुस्त केला की लगेच उठता येत नसे. तो तापल्यावर पुन्हा बंद पडतो का, हे बघत बसावे लागे. त्यामुळे लोकांच्या पुढच्या खोलीत स्टुलावर बसून मी शेकडो सिनेमे बघितले, पण सगळे मधूनच. आधीची गोष्ट गिऱ्हाईक सांगायचे, शेवट मी सायकलवरून घरी येताना मनात जुळवायचो. माझ्या शेवटात कोणी कोणाला टाकून देत नसे. धर्म-अधर्म म्हणतात तो मला जेवढा कळला, तेवढा या स्टुलावर.

कलम २. राहते घर, वरच्या खोलीसकट, माझ्या पुतणीला द्यावे. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केले म्हणून धाकट्याने तिला दार बंद केले. ती नवऱ्याला घेऊन इथे आली, मी वरची खोली झाडून दिली. धाकटा तेव्हापासून माझ्याशीही बोलत नाही. पुतणीने स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून कुरकुर करू नये. तो मी मुद्दाम ठेवलेला नाही, जमला नाही एवढेच.

कलम ३. माझी हत्यारे, तारांना डाग द्यायच्या बंदुकीसह, जावयाला, म्हणजे पुतणीच्या नवऱ्याला. जावई मालिकांमध्ये गर्दीतली कामे करतो, बहुतेक वेळा प्रेताची. "प्रेताला मुलगी देऊ?" असे धाकटा तेव्हा म्हणाला होता, आणि वाक्य चांगले होते हे मी नाकारत नाही. पण तोंडावर झगझगीत दिवा, नाकावर माशी, उशाशी चार जणी गळा काढून रडताहेत, आणि हा पठ्ठ्या पापणी हलवत नाही. मी एकदा जाऊन बघून आलो. एवढा संयम मला चहात साखर कमी पडली तरी राहत नाही. मी गेल्यावर मात्र त्याने माझ्याशेजारी सरावाला झोपू नये.

कलम ४. मोठा टीव्ही मृत्युपत्रात धरू नये; तो मी शेजारच्या दंतवैद्य बाईंना आजच देऊन टाकला आहे, त्यांचे पेशंट बसतात त्या खोलीसाठी. त्यांच्याकडे मालिका आवाज बंद करून चालू असते. तशी बघितली की कोण खोटे बोलतेय ते लगेच दिसते. बाईंनी एक अट पाळावी. मालिकेतल्या दुष्ट सासूची एकदाची खोड मोडायची, चारचौघांत तिचे वाभाडे निघायचे, की माझी पत्नी उठून टीव्ही बंद करायची. मी म्हणायचो, "अगं, याचसाठी तर वर्षभर बघितलं ना?" ती म्हणायची, "पडलेल्या माणसाकडे टक लावून बघू नये. चला, पानं घ्या." मला ती रोज आठवते. तेव्हा असा प्रसंग आला की टीव्ही बंद करावा, पेशंट ओरडले तरी.

कलम ५. बँकेत असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते पुतणीला.

कलम ६. धाकट्या भावाला काहीही देऊ नये. कारण पुढे देत आहे.

आमचे भांडण एका सिनेमावरून पेटले. त्यात घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, दार वाजवतो. आत बापाचा हात कडीवर. तेवढ्यात गिऱ्हाइकाकडची वीज गेली. त्या चेहऱ्याचा माणूस दार उघडणारच, असे मी धरून चाललो आणि पुतणीच्या वेळी धाकट्याला तो सिनेमा ऐकवला. तो म्हणाला, "दादा, मी तो थिएटरात बघितलाय. उघडत नाही तो. शेवट न बघता उपदेश कसला करतोस?" आणि उठून गेला.

परवा पुतणीने तो सिनेमा मला मोबाइलवर लावून दिला. शेवटापर्यंत बघितला. धाकट्या, तुझं खरं आहे. तो दार उघडत नाही. पण कडीवरचा हात काढून तो दाराला पाठ लावून खाली बसतो आणि मुलाची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत तसाच बसून राहतो. हे तू मला सांगितलं नव्हतंस. तू हे बघितलं होतंस आणि तरी घरी येऊन तसाच बसलास. मला फार वाईट वाटलं रे. सिनेमावाल्यांना लोकांना रडवायचं होतं, त्यांना तसाच शेवट करणं भाग होतं. आपल्याला कुणाची जबरदस्ती आहे?

तर कारण असे: मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब म्हणतात. आणि साक्षीदाराने माझ्यासमोर बसून, मी सही करताना बघून, मग स्वतःची सही करायची असते. साक्षीदार दोन लागतात; एक दंतवैद्य बाई, दुसरा मला धाकटाच हवा. म्हणून त्याला काही दिलेले नाही. त्याच्या जागी आणखी कोणी चालणार नाही, आणि तो आल्याशिवाय मीही सही करणार नाही. या मजकुराची प्रत दंतवैद्य बाई त्याला पोचवतील. त्याची दाढ त्यांच्याच हातात आहे, तेव्हा वाचल्याशिवाय सुटका नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो मला मान्य आहे, आणि नळाबद्दलचे वाक्यही राहू द्यावे.

ठिकाण: याच घरातली पुढची खोली.
दिनांक: रविवार. बाकी वकीलसाहेबांनी भरावे.

मृत्युपत्र करणार: (सही) टीव्हीवाले दादा

साक्षीदार पहिला: (सही) दंतवैद्य, शेजारीण. अट वाचली. पाळीन.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. दादाने माझ्यासमोर सही केली. मी बेल वाजवली नव्हती, नुसता उभा होतो. दार मुलीने उघडलं.