आशयहीन मानवी आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण मोठं आहे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, शहराची आवाजाची नियमावली पंधरा वर्षं जुनी झाली, नवी करायची आहे, तुम्ही करा. खात्यात या कामाचं दुसरं कुणी नाही हे खरं. तरी ते बाहेरून माणूस मागवू शकले असते. मागवला नाही.

संकल्प: १) एप्रिलअखेर शहर शांत. २) रोज एक पान. ३) दुपारी दोन ते पाच घरी.

तिसरा बायकोच्या सांगण्यावरून. आई दुपारी हाका मारते. जेवणं आटोपली, घर जरा निवांत झालं की सुरू. ‘ढब्बू, ए ढब्बूऽ, कुठं गेलास रे?’ ढब्बू म्हणजे मी. वय त्रेपन्न, पद उपअभियंता (ध्वनी). आईला सगळ्याचा विसर पडत चाललाय, हे नाव तेवढं पक्कं आहे. ही चार महिने रजा काढून घरी बसली आहे. रजा ३१ मार्चला संपते. तोवर मी काहीतरी बसवतो, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, काही बसवू नका, स्वतः येऊन बसा.

६ फेब्रुवारी

हॉर्न झाले. जनरेटर झाले. बांधकाम झालं. आज कुत्री घेतली. कुत्र्यांना वेळ लागतो. दुपारी घरी जाणं जमलं नाही.

१० फेब्रुवारी

आज कलम ९ (ड) लिहिलं. इथे उतरवून ठेवतो, पुढे लोक विचारतील.

‘सतत अथवा वारंवार काढलेला आशयहीन मानवी आवाज हासुद्धा ध्वनिप्रदूषण समजण्यात येईल.’

सगळे यंत्रांच्या मागे लागतात. माणसाच्या गळ्याला आजवर कुणी हात घातला नव्हता. फुटपाथवर ओरडणारे विक्रेते, बसडेपोच्या दारातले ड्रायव्हर, मॅच सुटल्यावर गल्लीतून किंचाळत जाणारी टोळकी, सगळी यात बसतात. ‘आशयहीन’ या शब्दाला दोन तास गेले. आधी ‘निरर्थक’ होतं, पण त्यात अपमान आहे. आशयहीनला वजन आहे.

माझी ज्युनियर नोकरीत दोनच वर्षं आहे, पण मीटर छान हाताळते. तिनं वाचून विचारलं, सर, आशय आहे की नाही हे मीटर कसा सांगणार? मी म्हणालो, ते अनुभवानं कळतं.

१६ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ६

मीटर घरी आणला. खासगी वापर नव्हे, चाचणी. आईची मागची खोली, खिडकीशी खाट. पहिल्या दहा मिनिटांची सरासरी ६६ डेसिबल. दिवसाची मर्यादा ५५.

मग स्टूल घेऊन तिच्याजवळ बसलो आणि प्रत्येक हाकेला ‘ओ’ दिली. ती वळून बघते, मान डोलावते, मिनिट व्हायच्या आतच पुन्हा हाक. मोजून एकशे चौदा वेळा ओ दिली. साडेतीनला तिनं माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरलं आणि नुसती पुटपुटायला लागली. ४७. चारला झोपली.

निष्कर्ष: तिला मी लागत नाही, ओ लागते. म्हणजे प्रश्न तांत्रिक आहे.

ही दारात उभी राहून बघत होती. मग न मागता चहा आणला. रोज हे सहज जमेल. उद्यापासून.

१७ फेब्रुवारी

मीटिंग.

१८ फेब्रुवारी

मीटिंग.

२० फेब्रुवारी

पावणेपाचला घरी पोचलो. आईचा घसा बसला होता. ५१. नोंद घेतली.

२४ फेब्रुवारी

मसुदा जाहीर. हरकती-सूचनांना तीस दिवस. या काळात येणाऱ्या तक्रारी नवीन नियमांनुसार हाताळून बघू, म्हणजे नियमांची परीक्षा होईल, असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, हौस असेल तर करा.

४ मार्च

९ (ड) खाली पहिली तक्रार! सगळ्या सेक्शनला चहा सांगितला. ज्युनियर फॉर्म मोठ्यानं वाचायला लागली.

तक्रारदार: घरून कॉम्प्युटरवर शिकवणी घेणाऱ्या बाई, वेळ दोन ते पाच. आवाजाचा उगम: बरोबर वरचा मजला. आवाजाचा मजकूर: ‘ढब्बू’ (वारंवार).

पत्ता माझ्या इमारतीचा. वरचा मजला माझा.

ज्युनियरनं विचारलं, सर, हा ढब्बू म्हणजे काय असेल? मी म्हणालो, कुत्रा असेल. ती म्हणाली, मग हे कलम सातमध्ये जाईल, कुत्र्यांच्या. मी म्हणालो, राहू दे.

चहा गार झाला.

५ मार्च

खाली जाऊन बाईंना भेटलो. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, दादा, आजींचा राग नाही हो मला. पण वर्गातली मुलं विचारतात, मिस, वर कोण रडतंय? त्यांना शिकवू काय आणि सांगू काय? मी आधी वहिनींशीच बोलले. त्या म्हणाल्या, यांना लिहून द्या, यांना लिहिलेलंच कळतं.

ही असं म्हणाली असेल यावर माझा विश्वास नाही.

म्हणाली असेल.

८ मार्च

खिडकीला रबरी पट्टी. जाड पडदा. भिंतीला फोम. खाली चार डेसिबलनं कमी, म्हणजे यश.

त्रुटी: खोलीत अंधार झाल्यामुळे आईला दिवस मावळला असं वाटतं. ढब्बू अजून घरी आला नाही म्हणून ती अकरापासूनच सुरू करते.

१२ मार्च

आज खरा उपाय सापडला. माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं, ‘ओ आई, आलो.’ सात वेळा केलं, सातवं सर्वांत मायाळू आलं. उशाशी छोटा स्पीकर, दर मिनिटाला एकदा. हिनं बटण दाबायला साफ नकार दिला. टायमर लावला.

१३ मार्च

तीनला हिचा ऑफिसात फोन. पहिली दहा मिनिटं आई खूश होती. मग शोधायला लागली. पडद्यामागे, कपाटात, खाटेखाली वाकून. मग तिचा पाराच चढला. ‘आलो आलो म्हणतोस, मग येत का नाहीस रे मेल्या? दार उघडंच आहे!’ मला फोनमधून ऐकू येत होतं. ही म्हणाली, अहो, आई खाटेवरून खाली कोसळल्या असत्या. तुमची ओ तुमच्याजवळ ठेवा.

स्पीकर कपाटात. उद्यापासून दुपारी घरी. यात आता बदल नाही.

१७ मार्च

मोजणीचा दिवस. नात्यातल्या अधिकाऱ्यानं मोजणी करू नये हे कलम मीच घातलंय, त्यामुळे ज्युनियर गेली. ढब्बू कोण ते निघण्याआधी तिला सांगावं लागलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

खरं म्हणजे आज दुपारी मी घरी जाणार होतो. पण मी शेजारी बसून ओ दिली असती तर आकडा खाली आला असता. ती पुराव्यात ढवळाढवळ झाली असती. म्हणून प्रामाणिकपणे दोन ते पाच ऑफिसात बसून राहिलो. काम काही नव्हतं.

बाईंच्या खिडकीपाशी तीन वाचनं: ६२, ६१, ६३. ज्युनियरनं फॉर्म टेबलावर ठेवला. म्हणाली, सर, नंतर मी वर जाऊन आले. आजींना मीच ओ दिली, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. वहिनींनी सोडवला.

मी मुद्दा मांडला, हाकेत नाव आहे, नावाला आशय असतो, तेव्हा ९ (ड) लागूच होत नाही. ती म्हणाली, आशय आहेच सर. पण मग कुणीतरी उत्तर द्यायला हवं ना. तिनं फॉर्मवर शेराही तसाच लिहिला होता: ‘आशय आहे. उत्तर नाही.’ शेऱ्याला रकाना नाही. खोडायला लावलं.

२१ मार्च

साहेब म्हणाले, नियमावली पालिकेच्या सभेत जाण्याआधी घरचं मिटवा. नियम करणाऱ्याच्याच घरात पहिली तक्रार, हे बाहेर गेलं तर लोक आपल्याला नाचवतील. मी म्हणालो, उलट मी आदर्श घालून देतो. ते म्हणाले, काय घालायचं ते घाला, पण मिटवा.

२४ मार्च

ठरलं. गावाबाहेर वृद्धांसाठी एक निवास आहे. झाडी, मोकळी हवा, फाटकावर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी. पाटी बघूनच मन भरलं. फक्त नियमावली मंजूर होईपर्यंत. तीन आठवडे, फार तर चार. हिची रजाही संपतेच आहे.

ही म्हणाली, तुमचं कलम, तुमची आई. मला विचारू नका. बॅग मी भरणार नाही.

मीच भरली. चार गाऊन, शाल, गोळ्या. तिचा कंगवा दोनांतला कुठला ते माहीत नव्हतं. दोन्ही टाकले.

२९ मार्च, शनिवार

सोडून आलो. गाडीत आई मजेत होती. सिग्नलला गाडी थांबली की माझा हात धरायची. फाटकाशी उतरताना तिनं विचारलं, ढब्बू शाळेतून आला का हो? मी म्हणालो, येईलच. काटेकोरपणे पाहिलं तर हे खोटं नाही.

घरी येऊन मागच्या खोलीत मीटर लावला. ३६. आजवर रहिवासी भागात मी घेतलेलं सर्वांत कमी वाचन.

३० मार्च, रविवार

दुपारी दोन ते पाच घरी होतो. तिसरा संकल्प प्रथमच पूर्णपणे पाळला गेला.

६ एप्रिल, रविवार

भेटायला गेलो नाही. निवासाचे व्यवस्थापक म्हणाले होते, आधी रुळू द्या. (दोन दिवस म्हणाले होते. मी खबरदारी म्हणून आठ धरले.) फोनवर कळलं, दुपारभर हाका चालू असतात, म्हणून शेवटच्या खोलीत ठेवलंय, तिथून कुणाला त्रास नाही.

१३ एप्रिल, रविवार

गाडी सर्व्हिसिंगला. ही म्हणाली, बस जाते तिकडे. बसला दोन तास लागतात. शेवटी हीच एकटी गेली. आल्यावर मी विचारलं नाही. व्यवस्थापकांचा फोन आला, हाका कमी झाल्यात. म्हणजे प्रगती आहे.

१७ एप्रिल

मंगळवारपासून हाका पूर्ण बंद! व्यवस्थापक म्हणाले, शहाण्यासारख्या बसून असतात. ही आनंदाची बातमी हिला दिली. ही पानं वाढत होती. हातातलं ताट ओट्यावर ठेवून मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी स्वतःच वाढून घेतलं.

२२ एप्रिल

नियमावली मंजूर. नव्वद टक्के जशीच्या तशी.

९ (ड) शेवटी आलं. एक नगरसेवक उठून म्हणाले, माणसानं ओरडायचं नाही तर काय शिट्टी वाजवायची? सभागृह हसलं. माझ्या अंदाजानं ऐंशी डेसिबल. कलम वगळलं. सगळं मिळून चार मिनिटं.

साहेबांनी पाठीवर थाप मारली, अहो, बाकी सगळं पास झालं की! जिन्यात ज्युनियर भेटली. म्हणाली, सर, म्हणजे आता आजी घरी येऊ शकतात.

मी तेच म्हणणार होतो.

२४ एप्रिल

मे महिन्यापासून रोज अर्धा दिवस रजा, लेखी अर्ज केला. साहेबांनी न वाचता सही केली. दहा सेकंदं लागली. हे आधीही होऊ शकलं असतं, पण आधी कामाचा ताण होता.

खालच्या बाईंना सांगायला गेलो की आईला आणतोय. त्या म्हणाल्या, आणा ना दादा. मी वर्ग सकाळचे करून घेतलेत. मागेच सांगणार होते, पण तुम्ही भेटलाच नाहीत.

पट्टी काढली, पडदा काढला, फोम काढला. हिनं खोली पुसून घेतली. खाटेवर नवी चादर घातली. आज बऱ्याच दिवसांनी आम्ही एकत्र जेवलो.

२७ एप्रिल, रविवार. सायंकाळी ७

दोनला पोचलो. गाडीत उशी आणि पांघरूण होतं. ही घरीच थांबली. म्हणाली, तुम्ही आणा.

आई खिडकीशी खुर्चीत होती. कुणीतरी तिचा भांग उलट्या बाजूला पाडला होता. मी स्टूल ओढून बसलो. तीन वाजले. चार वाजले. तिनं एकदाही हाक मारली नाही. मी उगीचच दोनदा ओ म्हणून बघितलं.

साडेचारला म्हणालो, आई, चल, घरी जाऊ.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. अगदी हळू आवाजात म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. मला न्यायला ढब्बू येणार आहे.

म्हणालो, अगं, मीच ढब्बू.

पाहुण्याकडे बघून हसतात तशी हसली. म्हणाली, अहो, तुम्ही केवढे! आमचा एवढासा आहे. हात खुर्चीच्या दांडीपर्यंत खाली नेऊन दाखवला.

मी तिचा दंड धरून उठवायला गेलो. तिनं खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. ओरडली नाही. ओरडेल याची मी वाट बघत होतो. तिथल्या बाई येऊन म्हणाल्या, ओढू नका साहेब, घाबरतात त्या. पुढच्या रविवारी बघा.

पाच वाजले. दाराशी भेटीच्या वहीत येताना मी कारणाच्या रकान्यात ‘घरी नेणे’ लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, ते दुरुस्त करून जा, नाहीतर आमची माणसं मोजताना एक कमी भरतं.

खोडलं. वर ‘भेट’ लिहिलं. खोडाखोड केली की बाजूला सही लागते.

केली.