उतारावरचे घर भाड्याने देऊ नये

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, गल्लीत टेलरकाकू म्हणून ओळखली जाणारी, उतारावरच्या शेवटच्या घरात राहते आणि हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण माझा थोरला मुलगा सध्या डॉक्टरकडून याच्या उलट लिहून घेण्याच्या खटपटीत आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की धमकावलेले नाही. मी घाबरले आहे, पण भिंतीला.

कलम १. घर. हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझ्या धाकट्या मुलीला देते. राहण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी नव्हे आणि भाड्याने देण्यासाठी तर मुळीच नव्हे. तिने ते वरून एकेक दगड काढून उतरवून घ्यावे. म्हातारीचा हट्ट म्हणून उद्या कोणी हे बाजूला सारू नये, यासाठी कारण सविस्तर लिहिते.

आमच्या मागे, वरच्या अंगाला, नव्या इमारतीसाठी टेकडी खणली आणि निघालेली माती आमच्या बाजूला लोटली. काही दिवसांनी मागच्या खोलीतला पडदा मला तिरका दिसू लागला. पडदा मीच शिवलेला. काठ उसवून पुन्हा पाहिला, शिलाई सरळ होती. जमीन तिरकी झाली होती.

मी मिस्त्रींना बोलावले. मागची भिंत या गवंड्यानेच तरुणपणी बांधलेली. त्यांनी ओळंबा सोडला आणि दोरी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभे राहिले. माप घेताना मीही तशीच उभी राहते, त्यामुळे हा माणूस काय करतो आहे ते मला कळत होते. मग बोटाच्या पेराने भिंत वाजवत ते कोपऱ्यापर्यंत गेले, एका जागी थांबले आणि तिथे नुसता तळहात ठेवला. हात बसलेल्या माणसाला घाई नसते. तिथे भेग गेली होती. तिच्यावर त्यांनी सिमेंटने काचेची पट्टी चिकटवली. "भिंत गप्प बसली तर काच टिकेल," म्हणाले. आठवडा भरायच्या आत काच मधोमध तडकली.

"मिस्त्री, दुरुस्त होईल?"

"नाही."

"तुमचीच भिंत आहे हो."

"म्हणून तर सांगतोय, काकू. मी ती घरासाठी बांधली होती. आता तिच्या पाठीवर टेकडी बसलीय."

"मग आत्ताच पाडून टाका."

"माती ओली आहे. आत्ता हातोडा लावला तर सगळं खालच्या घरांवर जाईल. ओल उतरू दे. मग वरून एकेक दगड काढून देतो."

ओल मात्र उतरत नाही. रस्त्यावरचा पाण्याचा वाल्व्ह फिरवणारा चावीवाला आला. लोखंडी सळईचे एक टोक त्याने जमिनीवर टेकवले, दुसरे कानाला लावले आणि डोळे मिटले. त्याने वरचा नळ बंद केला, पुन्हा ऐकले. "पाणी अजून चाललंय," तो म्हणाला. "कुठून येतं ते शोधीन मी. पण जातंय तुमच्याखालीच."

थोरल्याने यावर रंगारी पाठवला. त्या रंगाऱ्याने भेग अशी बुजवली की मला बोट फिरवूनही सापडेना. इतके सुबक काम मी क्वचित पाहिले आहे. तीन दिवसांनी त्याच रेषेत रंग फाटला. थोरला म्हणाला, पुन्हा मार. रंगाऱ्याने ब्रश धुतला आणि शांतपणे सांगितले, "साहेब, मी भिंत रंगवतो. ही भिंत राहिलेली नाही." आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेला.

तरीही थोरल्याने भाडेकरू ठरवला. नवराबायको आणि त्यांच्या दोन लहान मुली अशी मंडळी घर बघायला आली. त्यांतल्या लहानीच्या हातून चेंडू निसटला. तो जमिनीवर थांबला नाही, आपला आपण मागच्या भिंतीपर्यंत गेला. मुलगी हसली, तिने तो पुन्हा सोडला, तो पुन्हा गेला. थोरल्याने चेंडू उचलून तिच्या वडिलांच्या हातात दिला आणि त्यांना खिडकीतून मोकळा वारा कसा येतो ते दाखवू लागला. मी त्या बाईला सगळे सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले, मग थोरल्याकडे. थोरल्याने कपाळाशी बोट नेऊन गोल फिरवले.

ती मंडळी गेल्यावर तो म्हणाला, "आई, माझ्याकडे चल. किती दिवस हट्ट करणार आहेस?"

"घराला कुलूप लावून चावी माझ्याकडे राहू दे. आत्ता येते."

"रिकामं घर कुणी ठेवतं का?"

म्हणून मी जात नाही. मी आत आहे तोवर त्या मुली आत येणार नाहीत.

कलम २. थोरला. त्याला मी घर देत नाही, हे रागाने नव्हे. दिले तर त्याच्या हातून जे घडेल ते त्याला जन्मभर पेलवणार नाही. त्याला माझी जपून ठेवलेली शिल्लक द्यावी, मात्र घर उतरवण्याची मजुरी त्यातून आधी भागवावी.

कलम ३. शिलाई मशीन रंगाऱ्याच्या बायकोला. ती माझ्याकडे शिवण शिकते; हात चांगला आहे, पायाचा ताल अजून बसायचा आहे. मोठी कात्री माझ्या मुलीला. तिने कागद कापल्यास देणगी रद्द समजावी.

कलम ४. माझ्या जावेने मला भर लग्नात "चिंध्या जोडणारी" म्हटले होते. तिला कतरणींचे गाठोडे द्यावे. सगळे.

कलम ५. घराचे सागवान मला मिस्त्रींना द्यायचे होते. वकिलांनी सांगितले की साक्षीदाराला वाटा मिळत नाही. एक साक्ष चावीवाल्याची ठरली होती, दुसरीसाठी गल्लीत सगळ्यांना विचारून झाले होते. भेगेचे नाव निघाले की आपल्याही घराची किंमत पडेल, या भीतीने कोणी दारात उभे करीना. मी मिस्त्रींना म्हटले, "तुम्ही लाकूड घ्या, साक्षीदार मी शोधते."

ते म्हणाले, "लाकूड दुसऱ्याला द्या. ती भिंत मी बघितलीय, सही मी करणार. कोर्टात विचारलं तरी हेच सांगेन." सागवान आता मुलीने विकून मजुरांना वाटावे.

सह्यांसाठी मिस्त्रींनी टेबल उचलून रस्त्यावर मांडले. आत बसायला ते तयार नव्हते. टेबल मांडून झाल्यावर त्यांनी विचारले, "आता कुठे जाणार?"

"आत."

ते वाद घालत बसले नाहीत. माझी खाट आणि मशीन त्यांनी मागच्या खोलीतून पुढे दारापाशी आणले. मग दार बिजागऱ्यांतून उचलून काढले आणि समोरच्या कुंपणाला टेकवून ठेवले. "चौकट दबली तर दार अडकेल," म्हणाले. या शेवटच्या ओळी मी उघड्या दारात बसून लिहिते आहे, सही बाहेर टेबलावर करीन. मागच्या खोलीत चुन्याचे कण पडल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

ठिकाण: घरासमोरचा रस्ता
तारीख: तेरा ऑगस्ट
सही: टेलरकाकू

साक्षीदार पहिला, चावीवाला: बाईंनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दुसरा, गवंडी: माझ्याही देखत केली. बाई पुढच्या खोलीत असतात, दाराच्या डाव्या हाताला. शोधायची वेळ आली तर तिथून सुरुवात करावी.