गौरावहिनीची जागा

प्रिय चंदना,

तुझा फोन तुझा भाऊ रोहिदास उचलतो आणि माझा आवाज ऐकला की त्याच्या तोंडून शिव्याच निघतात. मग मीही देतो. म्हणून हे पत्र गावी निघालेल्या गोकुळच्या हाती पाठवतोय, तो बाजाराच्या दिवशी मोखाड्याला येईल. रविवारच्या आत तुला मिळायलाच हवं. रविवारी तू परीक्षा टाकून ठाण्याला निघणार आहेस. ये, ये म्हणून दोन महिने मीच तुझ्या मागे लागलो होतो. आता हे वाचल्याशिवाय जीपमध्ये बसू नकोस.

इथलं काम मी तुला फार गोड करून सांगितलं. बाविसाव्या मजल्याच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदाचं पॉलिहाऊस, माती नाही, चिखल नाही, पाइपातल्या पाण्यावर वाढलेला पाला, मोठ्या लोकांच्या ताटातला. ते खोटं नाही. पण एप्रिल लागल्यापासून दुपारी आत उभं राहवत नाही, हे सांगितलं नाही. पंखे आहेत, पाणी सोडलेली जाळी आहे, तरी येणारा वारा चुलीपुढचा वाटतो. जुनी माणसं म्हणतात, असं ऊन पूर्वी मे महिन्यातही नव्हतं. गच्ची हिरवी केली की खालचे मजले थंड राहतात म्हणे. राहतात. आम्ही वर असतो.

दुसऱ्या वर्षाला माझ्या बोलण्यावर सरांनी अख्खा वर्ग हसवला आणि मी वही भिरकावून कॉलेज सोडलं, तेव्हा तू जव्हारच्या स्टँडपर्यंत मागे आलीस. म्हणालीस, "जा, जा! राग डोंगराएवढा आणि डोकं लिंबाएवढं." मी हसलो नव्हतो. त्याच डोक्याने मी इथे आलो. मग वाडा गावच्या त्या क्लार्कचं स्थळ तुला आलं आणि माझी झोप उडाली. तुला इथे आणायचं तर तुलाही काम हवं. आमचा सुपरवायझर भावेशभाई म्हणायचा, "चार बायका बस झाल्या. एक निघाली तर बघू."

त्या चौघींत सगळ्यात जुनी गौरावहिनी, तुमच्या पाड्यावरच्या सखाची बायको. रोप धरायला मला तिनेच शिकवलं. "अरे, मुंडी नको पिरगळू, कोंबडी आहे का ती?" तुझं तिला सांगितलं तर म्हणाली, "आण की पोरीला. लगीन होईपर्यंत माझ्या खोलीत राहील. पण भांडलात तर मी तिच्या बाजूने, आधीच सांगते." मार्चअखेरीस एका दुपारी ती पाण्याच्या टाकीमागे डोकं धरून बसलेली दिसली. चक्कर येत होती. "कोनाला बोलू नको हां, भावा," एवढंच म्हणाली.

गेल्या सोमवारी भर दुपारी वीज गेली. पंखे थांबले. भावेशभाई बाहेरूनच ओरडला, पाच मिनिटांत येईल, हात चालू ठेवा. मी त्याच्या नावाने शिव्या घालत बाहेर आलो, बाकीच्या बायकाही आल्या. गौरावहिनी आली नाही. भाताच्या आवणीला उतरलेली आपली बाई अर्धी ओळ टाकून बांधावर येत नाही, तसंच असेल असं मी स्वतःला सांगितलं. पण आवणीत डोक्यावर पाऊस असतो. इथे प्लॅस्टिक. ओळ संपली आणि ती आडवी झाली. मी ब्लेडने तो कागद वरपासून खालपर्यंत फाडला, तिला उचलून बाहेर आणलं, भावेशभाईची कॉलर धरली. सगळे म्हणाले, विनोदने जीव वाचवला.

जीव वाचला. आता कशी आहे ते तू पाहिलंच असशील. जीभ वळत नाही, हातात चमचा ठरत नाही. ऊन डोक्यात गेलं, असं डॉक्टर म्हणाले. शनिवारी सखा तिला पाड्यावर घेऊन निघाला, तेव्हा माझ्यापेक्षा वयाने मोठा तो माणूस माझ्या पाया पडायला वाकला. मी जिन्याने पळालो.

चंदना, "आधी परीक्षा दे, मग ये" एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. तू म्हणाली असतीस, विनोद शहाणा झाला. पण गौरावहिनीला चक्कर येते, हे भावेशभाईला मीच सांगितलं होतं. तिला काढलंत तर माझ्याकडे एक पोरगी आहे, असंही म्हणालो होतो. त्याने तिला काढलं नाही, दम दिला. पुन्हा बसलेली दिसलीस तर सरळ गावी जायचं. म्हणून ती बसली नाही, बाहेरही आली नाही. काल तिथे नवा कागद ताणून झाला. भावेशभाईने खांद्यावर हात ठेवला, "ले आ तेरीवाली को. जगह खाली हो गई." त्याने माझं काम केलं, बघ. तू येऊ नकोस. तिला आणि सखाला हे अजून माहीत नाही. मला तोंड नाही, तू जाऊन सांग. रविवारी मी तरीही स्टँडवर जाईन, पाय ऐकणार नाहीत. तू गाडीतून उतरलीस तर मला आनंद होईल, आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटते.

तू म्हणशील तोवर तुझाच,
विनोद