नुसतं नाव

४ नोव्हेंबर २०२४
आजपासून मी शिफ्ट मॅनेजर! आठ वर्षं गेवराईजवळच्या या जिनिंग मिलमध्ये कापसातला कचरा वेचला, वेचता वेचता बी.कॉम. झाले, आणि आज काचेच्या केबिनमध्ये माझी खुर्ची आहे. पेढे वाटले. मनकर्णामावशीने तिचा अर्धा पेढा माझ्याच तोंडात कोंबला. आता आमाला वळख देशील का न्हाई, म्हणाली. वेचायला शिकवलं तिनेच, आई गेल्यावर वर्षभर माझा डबा आणला तिनेच. फिटर ख्वाजाचाचा म्हणाले, बेटा, काचेला हात लावू नको, पुसायला बी तुलाच सांगतील. सगळे हसले.
उद्यापासून बढती मिळालेल्या आम्हा तिघांना नेतृत्वाचं प्रशिक्षण. पुण्याहून कोच आलेत.

५ नोव्हेंबर
कोच सरांचा शर्ट कडक इस्त्रीचा, आवाज मऊ. नाव विचारलं तर नुसते हसले. त्यांचं म्हणणं, इथले मॅनेजर काम सांगत नाहीत, भाच्यासारखं मागं लागतात. मावशी, मामा, चाचा यातच शिफ्ट संपते. माणसाला हातभर अंतरावर उभं करायचं, डोळ्यांत बघायचं, नुसतं नाव घ्यायचं. नातं नुसतं तोंडातून नव्हे, मनातूनही काढून टाकायचं. मला पटलं, खरं सांगते. काम सांगितलं की ख्वाजाचाचा आधी चहाला जातात.

८ नोव्हेंबर
आज करून पाहिलं. सरकी काढायच्या यंत्रांपैकी एक रेचा बंद पडला होता. डोळ्यांत बघून म्हटलं, ख्वाजा, रेचा सुरू कर. त्या क्षणी मनात खरंच काही नव्हतं. ते थबकले. डोळे उघडेच, पण ओळख गेलेली. वीस मिनिटांत रेचा सुरू. चहा नाही, चेष्टा नाही, दुपारचं जेवणही नाही. कोच सरांनी टाळ्या वाजवल्या आणि मला आनंद झाला.

११ नोव्हेंबर
चाचांची मुलगी समिना गेटवर आली. अब्बू भिंतीकडे तोंड करून बसतात, मला म्हणाले तू कोण. माझ्या अब्बूला तुमी काय केलं, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं. मी आत धावले. चाचा, चाचा करत राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, पुढचं काम काय. पट्ट्यात त्यांचं बोट सोलून निघालं होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

१२ नोव्हेंबर
कोचच्या अंगावर धावून गेले. माझा माणूस परत करा म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, परत करायची पद्धत नाही. आणि कापसाच्या रोजच्या सहा गाठी वाढल्यात. मी टेबल उलथवलं. बाकीचे दोघे मॅनेजर बघत बसले. त्यांच्या शिफ्टमध्ये आता कुणी बोलत नाही, कुणी डबा उघडत नाही. या अख्ख्या मिलमध्ये राग फक्त मला येतोय.
उद्याच्या सरावाची यादी लागली. माझ्यापुढे लिहिलंय: मनकर्णा.
मरेन पण करणार नाही म्हटलं. तो म्हणाला, मग मालक आधी तुझं नाव घेतील. त्यानंतर तू आपणहून तिचं घेशील.
मालक विजयसिंहदादा मला ताई म्हणतात. ते असं करणार नाहीत.

१३ नोव्हेंबर, सकाळ
मावशीला गेटवरूनच चकलांब्याच्या जीपमध्ये कोंबलं, तिच्या लेकीकडे. कावून धाडतीस, खाडा हुईल की माझा, म्हणाली. समजवायला वेळ नव्हता. ओरडले. नाही नाही ते बोलले. रडत गेली. रडू दे. माझा राग राग करू दे. जन्मभर करू दे.

दुपार
दादा येतायत. मागे तो. दार लावलंय, पण काचेचंच — हात जोडले, दादा, ताई म्हणा, एकदा तरी — बघतायत माझ्याकडे. पण डोळे — दादांचंही नाव कुणीतरी आधीच —
कडी निघाली. हातभर अंतर. मावशी, तू परत येऊ नको, कुणीही बोलावलं तरी, मी बोलावलं तरी —
तेजश्री, म्हणाले —

दुपार, ३.२०
रेचे सुरू. काम व्यवस्थित. राग नाही.
एक कामगार गैरहजर. नाव मनकर्णा. आणायला जीप पाठवायची आहे. पत्ता माहीत आहे. चकलांबा, मारुतीच्या पारामागे, तिसरं घर, लेकीचं नाव —